शर्ली हॉर्नचं प्रकरण: गाणारीला पियानोवरून उठवलं की काय होतं

पियानो वाजवत गाणारी अमेरिकन जॅझ गायिका शर्ली हॉर्न, तिची गोष्ट साधारण अशी सांगतात. वॉशिंग्टनची गुणी मुलगी, जॅझचा बडा ट्रम्पेटवाला माइल्स डेव्हिसने स्वतः फोन करून न्यूयॉर्कला बोलावली, मग मुलगी, संसार, पंधरा-वीस वर्षं कुठे पत्ता नाही, आणि पन्नाशी उलटल्यावर एकदम व्हर्व्ह कंपनी, मोठे रेकॉर्ड, ग्रॅमी. ऐकायला छान आहे आणि खोटीही नाहीये. पण या गोष्टीत पियानो कुठेच नसतो, असला तरी मागे फर्निचरसारखा पडलेला असतो, आणि माझ्या मते सगळी गाठ तिथेच आहे. म्हणून हे प्रकरण पियानोच्या बाजूने लिहून बघतोय.

प्रश्न एवढाच: जी बाई स्वतः वाजवत गाते तिला पियानोवरून उठवून नुसतं माइकसमोर उभं केलं तर नेमकं काय जातं? तिच्या बाबतीत हा प्रयोग दोनदा झाला, एकदा १९६३ मध्ये रेकॉर्ड कंपनीने केला आणि एकदा म्हातारपणी आजाराने. दोन्हीचे रेकॉर्ड आहेत, कानाने तपासता येतं, म्हणून हे प्रकरण मला भारी वाटतं.

आधी पियानो, मग गळा

जन्म १ मे १९३४, वॉशिंग्टन डीसी. जॅझचा मोठा संगीतकार ड्यूक एलिंग्टनचं गाव, आणि यू स्ट्रीटचा तो सगळा भाग तेव्हा काळ्या लोकांच्या क्लब-थिएटरांनी गजबजलेला. ही चार वर्षांची असताना पियानोला लागली, बाराव्या वर्षी हॉवर्ड युनिव्हर्सिटीच्या ज्युनियर म्युझिक स्कूलमध्ये, शिक्षण पक्कं क्लासिकल. पुढे न्यूयॉर्कच्या जुलियार्डची स्कॉलरशिप मिळाली पण घरची परिस्थिती तशी नव्हती म्हणून जाता आलं नाही, मग हॉवर्डलाच शिकली. नंतर ती म्हणायची की ऑस्कर पीटरसन माझा रखमानिनॉफ झाला आणि अहमद जमाल माझा डेब्युसी (पहिली नावं जॅझवाल्यांची, दुसरी क्लासिकलच्या बड्या संगीतकारांची). हे वाक्य लोक कौतुकाने सांगतात आणि पुढे जातात, पण त्यात गाणाऱ्या एकाही बाईचं नाव नाहीये हे बघा. तिचे हिरो दोघंही पियानोवाले.

गायला कशी लागली त्याचा किस्सा ती स्वतः सांगायची. सतरा वर्षांची, एका रेस्टॉरंटमध्ये क्लासिकल वाजवत होती, ख्रिसमसचे दिवस, आणि नेहमी येणारा एक वयस्कर माणूस भलामोठा टेडी बेअर घेऊन आला आणि म्हणाला अमुक गाणं म्हटलंस तर हा तुझा. पोरगी लाजाळू. पण अस्वल हवं होतं. म्हणाली गाणं. त्यानंतर क्लबमालकांच्या लक्षात आलं की ही गाते पण, आणि गाणाऱ्या मुलीला पैसे जास्त मिळतात हे तिच्याही लक्षात आलं. म्हणजे गळा मागून आला, हातांच्या जोडीला. १९५४ च्या सुमारास स्वतःचं ट्रिओ उभं केलं (पियानो, बास, ड्रम्स), १९५५ मध्ये लग्न.

पहिला स्वतःचा रेकॉर्ड १९६० चा, 'एम्बर्स अँड अ‍ॅशेस', कंपनी इतकी छोटी की त्याचा फारसा गाजावाजा होणं शक्यच नव्हतं. तो माइल्स डेव्हिसच्या हाती लागला. माइल्स म्हणजे कुणाचं तोंडावर कौतुक करणारा माणूस नव्हे, आणि वर्षभरापूर्वीच त्याचा गाजलेला रेकॉर्ड 'काइंड ऑफ ब्लू' आलेला म्हणजे तेव्हा त्याच्या शब्दाला वजन किती असेल बघा. त्याचा फोन आला तेव्हा तिला वाटलं कोणीतरी चेष्टा करतंय. न्यूयॉर्कला त्याच्या घरी पोचली तर त्याची पोरं तिच्या रेकॉर्डमधली गाणी म्हणत होती, असं ती सांगायची. व्हिलेज व्हॅनगार्ड या तिथल्या जॅझ क्लबमध्ये माइल्सच्या आधीचा कार्यक्रम तिला मिळाला, आणि मालक मॅक्स गॉर्डन कां कूं करायला लागल्यावर माइल्सने सांगितलं म्हणे की ती वाजवणार नसेल तर मी पण वाजवत नाही.

माइल्सला तिच्यात काय दिसलं असेल हे ओळखणं अवघड नाही, कारण दोघांचा आजार एकच, मधली जागा मोकळी सोडायचा.

ती जागा म्हणजे नेमकं काय

इथे जरा थांबूया, कारण हे कळलं नाही तर पुढचं सगळं नुसता चरित्राचा गोषवारा होईल.

पियानोचा एक स्वभाव आहे: पट्टी दाबल्या क्षणापासून स्वर मरायला लागतो. व्हायोलिनवाला गज फिरवून स्वर धरून ठेवतो, गाणारा दम असेपर्यंत ताणतो, पियानोवाल्याच्या हातात फक्त सुरुवात असते आणि उजव्या पायाखालचं पेडल. पेडल दाबून ठेवलं तर तारा वाजत राहतात, सोडलं की आवाज बंद. जलद गाण्यात याचा फारसा त्रास नाही, पुढचा कॉर्ड (एकदम दाबलेले तीन-चार स्वर) लगेच येतोच. पण गाणं एकदम संथ असेल तर दोन कॉर्डच्या मध्ये मोठी दरी पडते आणि तिथे प्रत्येक वाजवणाऱ्याला भीती वाटते. बहुतेक जण ती भरतात, छोट्या छोट्या फिरत्या, अर्पेजिओ, काहीतरी. शर्ली हॉर्न भरत नाही. कॉर्ड दाबते, मरू देते, अगदी शेवटच्या धुगधुगीपर्यंत, आणि मग शब्द. किंवा उलटं, शब्द म्हणून टाकते, बासवाला खाली आपला स्वर धरून बसलाय, आणि ज्या कॉर्डवर तो शब्द उभा राहायला हवा होता तो कॉर्ड अर्धा बार (बार म्हणजे चार ठोक्यांचा गट) उशिरा येतो. ऐकणाऱ्याला वाटतं आता काही हे येत नाही, आणि तेवढ्यात येतो.

आता हे करायचं तर गाणारा आणि वाजवणारा यांच्यात इशारा कोण कोणाला देणार? दुसरा कोणी पियानोवर असेल तर तो बिचारा गाणारीच्या खांद्याकडे, श्वासाकडे बघून अंदाज घेतो, आणि अंदाज घेणारा माणूस स्वभावतःच जरा लवकर वाजवतो, कारण उशीर झाला तर चूक त्याची दिसते. हिच्याकडे तो प्रश्नच नव्हता. श्वास, शब्द, बोटं, पेडल सगळं एकाच ठिकाणाहून. आपल्याकडचे विलंबित ऐकणारे कान याला लगेच सरावतील असं वाटतं, पण एक फरक आहे, इथे लय धरून ठेवणारा ठेका बराचसा ऐकणाऱ्याच्या डोक्यातच चालू असतो, ड्रमर ब्रशने स्नेअर ड्रमवर गोल गोल फिरवत असतो तेवढाच आधार.

आणि एक हिशोब करून बघा. त्या काळातली बरीचशी गाणी बत्तीस बारची असतात, बारला चार ठोके, म्हणजे एका फेऱ्याला १२८ ठोके. मिनिटाला साठच्या लयीत एक फेरा दोन मिनिटं आठ सेकंदात संपतो. समजा लय चाळीसवर आणली तर तोच फेरा तीन मिनिटं बारा सेकंद. रेडिओवर वाजायचं गाणं तेव्हा साधारण तीन मिनिटांच्या आसपास असावं लागायचं. म्हणजे इतकं हळू गायचं तर मुखडा-अंतरा एकदा झाला की वेळ संपलीच, सोलो नाही, दुसरा फेरा नाही. त्यामुळे १९६३ च्या कंपनीवाल्यांना नुसतं बावळट ठरवण्यात अर्थ नाही, त्यांची अडचण घड्याळात दिसणारी होती.

पहिला प्रयोग: १९६३

मर्क्युरी कंपनी, संगीतकार क्विन्सी जोन्स तिथे वजनदार जागेवर, आणि तिचा चाहता. एकाच वर्षी दोन रेकॉर्ड आले, 'लोड्स ऑफ लव्ह' आणि 'शर्ली हॉर्न विथ हॉर्न्स'. मोठमोठे वादक, व्यवस्थित लिहिलेली अरेंजमेंट, पैसा ओतलेला. आणि दोन्हींवर पियानोला दुसरं कोणीतरी.

कंपनीने असं का केलं याचं उत्तर मला वाटतं नॅट किंग कोल. तो १९३७ पासून ट्रिओ घेऊन फिरणारा, पियानोवाल्यांनी कान पकडावेत असा पियानोवाला. १९४८ मध्ये 'नेचर बॉय' ऑर्केस्ट्राबरोबर आलं, १९५० ला 'मोना लिसा', आणि हळूहळू ट्रिओ मागे पडलं, तो उभा राहून गाणारा स्टार झाला, रेकॉर्ड लाखोंनी खपले. जॅझवाले कुरकुरले पण खपाचे आकडे सगळ्यांनी बघितले. तेव्हापासून धंद्यात एक साचाच तयार झाला की गाता गाता वाजवणारा माणूस सापडला की त्याला स्टुलावरून उठवा आणि मागे व्हायोलिनं लावा. बायकांच्या बाबतीत तर विचारूच नका. सारा व्हॉन १९४३ मध्ये अर्ल हाइन्सच्या बँडमध्ये शिरली तेव्हा गायिका होती आणि दुसरी पियानोवाली पण, कार्मेन मॅक्रेने क्लबांमध्ये मध्यंतरात पियानो वाजवत दिवस काढले. दोघी पुढे उभ्या राहूनच नावारूपाला आल्या. त्यांना ते मानवलं.

शर्लीला मानवलं का? ते रेकॉर्ड वाईट आहेत असं मी म्हणणार नाही, खरं म्हणजे गोड आहेत, आवाज तरुण आणि मोकळा, काही जलद गाण्यांत मस्त स्विंग आहे (तिला फक्त रडवी संथ गाणी येतात हा गैरसमज आहे, ब्लूज पण झकास वाजवायची). पण ऐकताना जाणवतं की प्रत्येक ओळ वेळेवर येतेय. ब्रासचा (ट्रम्पेट-ट्रॉम्बोनचा) फटका चौथ्या ठोक्यावर लिहिलाय म्हणजे तो चौथ्यावरच पडणार, दहा-पंधरा माणसं कागदाकडे बघून वाजवतायत, तिथे तिला वाटलं म्हणून अर्धा बार थांबता येत नाही. थांबली तर ती मागे पडली एवढाच अर्थ निघतो. घरी जो तिचा सगळ्यात मोठा गुण, तोच इथे चूक. राहिली ती एक चांगली, सुरेल, बऱ्यापैकी शोभिवंत गायिका, आणि १९६३ मध्ये अमेरिकेत चांगल्या सुरेल गायिका पुष्कळ होत्या.

रेकॉर्ड फारसे चालले नाहीत. १९६५ ला एबीसी-पॅरामाउंटकडून अजून एक, 'ट्रॅव्हलिन लाइट'. क्विन्सीने १९६८ मध्ये दोन सिनेमांच्या संगीतात तिचा आवाज वापरला. मग जवळपास शांतता.

घरी जाणं

इथे नेहमीची गोष्ट म्हणते की तिने मुलीसाठी करिअर सोडलं. मुलगी लहान होती, तिला सोडून गावोगाव फिरायचं नव्हतं हे तिने स्वतः अनेकदा सांगितलंय, त्यावर शंका घ्यायचं कारण नाही. पण सोडलं हा शब्द मला खटकतो. तिने दौरे सोडले, पियानो नाही. वॉशिंग्टन आणि बाल्टिमोरच्या क्लबांत ती वाजवत राहिली, रात्री वाजवून घरी, सकाळी घरचं. आणि दुसऱ्या बाजूला धंद्यानेच जॅझ सोडलं होतं तेव्हा, १९६४ ला बीटल्स अमेरिकेत उतरल्यावर स्टँडर्ड म्हणजे जुनी लोकप्रिय गाणी गाणाऱ्या भल्याभल्यांची कंत्राटं आटली. १९६८ च्या एप्रिलमध्ये मार्टिन लूथर किंगच्या खुनानंतर वॉशिंग्टनमध्ये दंगली झाल्या आणि यू स्ट्रीट होरपळली, ती पुढे कित्येक वर्षं सावरली नाही. म्हणजे न्यूयॉर्कला राहिली असती तर स्टार झालीच असती वगैरे म्हणणं हवेतलं आहे. एखादी कंपनी अजून दोन ऑर्केस्ट्राचे रेकॉर्ड काढून गप्प बसली असती हीच शक्यता जास्त.

डीसीत असे लोक होते पण. सॅक्सोफोनवाला बक हिल दिवसा पोस्टमन, टपाल वाटायचा आणि रात्री असा वाजवायचा की बाहेरून आलेले वादक चाट पडायचे. त्याचे रेकॉर्डही पुढे डेन्मार्कच्या त्याच कंपनीने काढले जिचं नाव आता येणारच आहे. गाव लहान नाही, देशाची राजधानी, पण जॅझच्या हिशोबात न्यूयॉर्क सोडून बाकी सगळं गावच.

या वर्षांत तिला जे मिळालं ते कुठल्याही कंत्राटात लिहून मिळत नाही: स्वतःची माणसं आणि भरपूर वेळ. बासवर चार्ल्स एबल्स, नंतर ड्रम्सवर स्टीव्ह विल्यम्स. हे ट्रिओ पुढे इतकी वर्षं टिकलं की जॅझमध्ये असली उदाहरणं बोटावर मोजावी लागतात. एबल्स इलेक्ट्रिक बास वाजवायचा, जे अशा सेटअपमध्ये तेव्हा अनेकांना नाक मुरडायला लावायचं, पण विचार केला तर नीट बसतं, उभ्या बासचा स्वर लवकर विरतो, इलेक्ट्रिकचा लांबतो, आणि या बाईच्या दऱ्यांमध्ये कोणीतरी खाली स्वर धरून उभं राहायला हवंच होतं. स्टीव्ह विल्यम्सचं काम तर मला सगळ्यात अवघड वाटतं. चाळीस-पंचेचाळीसच्या लयीत ड्रमरला पुढचा ठोका येईपर्यंत हात कुठे ठेवायचा हा प्रश्न पडतो. बहुतेकांची लय नकळत वाढते. त्याची वाढत नाही. तासन्‌तास एकत्र वाजवल्याशिवाय हे येत नाही, आणि फिरत्या गायिकेला दर गावात नवा ड्रमर मिळतो.

परत कोण आलं

१९७८ मध्ये डेन्मार्कच्या स्टीपलचेस कंपनीने तिला रेकॉर्ड केलं, 'अ लेझी आफ्टरनून'. ड्रम्सवर बिली हार्ट, तोही डीसीचाच, तिच्याबरोबर कोवळ्या वयात वाजवलेला, बासवर बस्टर विल्यम्स. पियानोवर ती. १९८१ मध्ये हेगला नॉर्थ सी जॅझ फेस्टिव्हल, तिथल्या कार्यक्रमाचे दोन रेकॉर्ड निघाले. युरोपातल्या लोकांना कळलं की हे काहीतरी वेगळंच आहे.

मग १९८७ मध्ये व्हर्व्ह. आता हे बघा: पहिला रेकॉर्ड लाइव्ह, हॉलिवूडच्या एका बार-रेस्टॉरंटमध्ये, तिचं नेहमीचं ट्रिओ, ती पियानोवर. स्टुडिओ नाही, व्हायोलिनं नाहीत. वय ५३. चोवीस वर्षांपूर्वीच्या करारात जी गोष्ट पहिल्यांदा काढून घेतली होती ती या वेळी पहिल्यांदा टेबलावर ठेवलेली होती. तिने तसा हट्ट धरला की कंपनीच शहाणी झाली होती यावर मला काही बोलायचं नाही. पण तोपर्यंत सीडी आली होती. तीन मिनिटांची बेडी गेली, सात मिनिटांचं गाणं आता अडचण नव्हतं, आणि रात्री दिवे मंद करून एकटं ऐकणारा गिऱ्हाईकवर्ग तयार झाला होता. काळ तिच्या लयीपर्यंत उतरला म्हणा हवं तर.

१९९१ चा 'यू वोन्ट फर्गेट मी' बघा. माइल्स डेव्हिस त्या वेळी कितीतरी वर्षं इलेक्ट्रिक वाद्यं, फंक, असल्या गोष्टीत होता, जुन्या बॅलड वाजवणं त्याने जवळपास सोडूनच दिलं होतं. तो आला आणि शीर्षकगीतावर ट्रम्पेटला म्यूट (आवाज दाबणारं बूच) लावून वाजवला, त्याच रेकॉर्डवर विंटन आणि ब्रॅनफर्ड मार्सालिस, हार्मोनिकावर टूट्स थिलेमन्स, आणि आपला पोस्टमन बक हिल. त्या गाण्यात माइल्स वाजवतोय त्यापेक्षा न वाजवता थांबतोय हे ऐकण्यासारखं आहे, आणि ती त्याच्यासाठी जागा सोडतेय, तो तिच्यासाठी, दोघं एकमेकांना आधी तुम्ही आधी तुम्ही करतायत. २८ सप्टेंबर १९९१ ला माइल्स गेला.

१९९२ ला 'हिअर्स टु लाइफ', आणि इथे माझ्या मुद्द्याला एक धक्का आहे तो लपवत नाही. हा ऑर्केस्ट्राचाच रेकॉर्ड आहे. भरपूर व्हायोलिनं. जॉनी मॅन्डेलला त्याच्या अरेंजमेंटसाठी ग्रॅमी मिळालं. मग १९६३ ला जे बिनसलं ते इथे का बिनसलं नाही? कान देऊन ऐकलं तर उत्तर सापडतं. तिचं ट्रिओ जसंच्या तसं आत आहे, पियानोवर बहुतेक तीच, आणि व्हायोलिनं तिच्या मागून येतात, ती थांबली की थांबतात. मॅन्डेलने तिच्या रिकाम्या जागांना हात लावलेला नाही, कडेकडेने रंग भरलाय. १९६३ मध्ये गाणं आधी कागदावर ठरलेलं होतं आणि ती त्यात बसवली होती.

१९९५ चा 'द मेन इंग्रेडियंट' तर तिच्या वॉशिंग्टनच्या घरीच रेकॉर्ड झाला. जो हेंडरसन, एल्विन जोन्स, रॉय हारग्रोव्ह असले नावाजलेले जॅझ वादक तिच्या घरी जमले, आणि बाईंनी त्यांना जेवायला करून घातलं. करिअरसाठी न्यूयॉर्कला जावं लागतं म्हणणाऱ्यांना याहून सणसणीत उत्तर मला तरी सुचत नाही. 'आय रिमेंबर माइल्स'ला १९९९ मध्ये ग्रॅमी मिळालं, जॅझ गायनाचं. पारितोषिक गायनाचं, हेही खास. पियानोसाठी तिला वेगळं कोणी काही दिलं नाही.

दुसरा प्रयोग: पाऊल

मधुमेह होताच. २००१ मध्ये चार्ल्स एबल्स गेला. २००२ च्या सुमारास मधुमेहामुळे तिचं पाऊल कापावं लागलं. हात शाबूत, गळा शाबूत (जरा खरखरीत झालेला), पण पेडल गेलं, आणि वर लिहिलंय त्याप्रमाणे या बाईच्या संगीतात पेडल म्हणजे अर्धा श्वास. स्टुलावरून तिला उतरावं लागलं.

माझी थिअरी खरी असेल तर इथे सगळं कोसळायला हवं. २००३ मध्ये 'मे द म्युझिक नेव्हर एंड' आला, बहुतेक गाण्यांवर पियानोला जॉर्ज मेस्टरहेझी, आणि दोन गाण्यांवर खुद्द अहमद जमाल, तोच, तिचा डेब्युसी. आणि रेकॉर्ड कोसळत नाही. उलट काही जागा अंगावर येतात. आवाजात आता ताकद कमी आहे, ओळी तुटक, पण थांबणं तसंच, कदाचित जास्तच लांब. मेस्टरहेझी कमाल करतो, तो तिची नक्कल करत नाही पण तिच्या दरीत पडत नाही, शब्द पूर्ण खाली बसेपर्यंत बोटं उचलून ठेवतो.

म्हणजे मला मुद्दा जरा सरकवावा लागतो. १९६३ ला बिघडलं ते फक्त पियानो गेला म्हणून नसावं. पियानो हा तिच्याकडचा अधिकार होता, थांबायचा. तरुण, अनोळखी, पहिल्यांदाच मोठ्या कंपनीत आलेल्या काळ्या मुलीकडे तो अधिकार फक्त वाद्यामुळेच होता, स्टुलावर बसली की कोणी तिला घाई करू शकत नव्हतं, आणि उठवली की सगळेच करू शकत होते. २००३ मध्ये ती खुर्चीत बसून गात होती तरी खोलीतला प्रत्येक माणूस तिच्यासाठी थांबायला तयार होता, कारण मधली चाळीस वर्षं. ड्रम्सवर अजून स्टीव्ह विल्यम्सच होता, हेही विसरू नका.

तरी वाद्याचं काहीच नव्हतं असं म्हणायला मी तयार नाही. २००३ चा रेकॉर्ड आणि १९८७ चा एकामागून एक लावा. मेस्टरहेझी वाट बघतो, सुंदर बघतो, पण ती वाट बघणं ऐकू येतं. १९८७ ला कोणी कोणाची वाट बघत नाहीये. एवढा फरक राहतोच, आणि तो किती मोठा हे ज्याने त्याने कानाने ठरवावं. तिने स्वतः काय ठरवलं ते मात्र कळतं, कारण २००४ च्या अखेरीस ती पाऊल नसताना परत पियानोवर बसली. मॅनहॅटनमध्ये एका क्लबात, रॉय हारग्रोव्ह ट्रम्पेटवर, व्हर्व्हसाठी लाइव्ह रेकॉर्डिंग. सत्तरी गाठलेली, डायबेटिस, आधी कॅन्सर होऊन गेलेला, कोणीही म्हटलं असतं की वाजवलं हेच पुष्कळ, छापून टाका. तिला ते पसंत पडलं नाही. अल्बम म्हणून निघाला नाही, त्यातली थोडी गाणी २००५ च्या एका संकलनात आली तेवढीच. त्याच वर्षी सरकारी कला संस्थेचा जॅझ मास्टर हा मान मिळाला, आणि २० ऑक्टोबर २००५ ला ती गेली, वय ७१.

ऐकायचं असेल तर क्रम माझा असा: आधी 'लोड्स ऑफ लव्ह'मधली दोन-तीन गाणी, मग थेट १९८७ चा तो लाइव्ह, मग 'यू वोन्ट फर्गेट मी'चं शीर्षकगीत, आणि २००३ चा सगळ्यात शेवटी. हेडफोन लावून ऐका. गाडी चालवताना नको, तुम्हाला वाटेल गाणं संपलं आणि पुढचं लावाल.